मराठी मजकूर गाळायला पायथनची स्टँडर्ड लायब्ररी: कुठे चोख, कुठे दगा

फॉर्ममधून आलेल्या नावातली नको ती चिन्हं काढायची, पत्त्यातले स्वल्पविराम उडवायचे, लेखातले शब्द मोजायचे. कामं दोन-दोन ओळींची दिसतात आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यातच उरकलेली असतात. मग पावतीवर ‘कुलकर्णी’ऐवजी ‘कलकरण’ छापून येतं आणि सगळे फॉन्टला शिव्या देत बसतात. फॉन्टचा त्यात काडीचा संबंध नसतो. मात्रा आणि हलन्त छपाईच्या कितीतरी आधी, कोणीतरी ‘फक्त अक्षरं ठेव’ म्हणून लिहिलेल्या एका ओळीत गेलेले असतात.

हे परीक्षण आहे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबत फुकट येणाऱ्या साहित्याचं: स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) मेथड, युनिकोडडेटा, आरई (रेजेक्स, म्हणजे पॅटर्न देऊन मजकूर शोधणं), स्ट्रिंग आणि सीएसव्ही ही मॉड्यूल. कसोटी एकच, मराठी मजकूर गाळायला ती कितपत उपयोगी. आवृत्त्या ३.१२ आणि ३.१३; पहिलीत युनिकोड (जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं मानक) १५.० चे तक्ते आहेत, दुसरीत १५.१ चे. निकाल आधीच सांगायचा तर: हाताने लिहिलेल्या अक्षरयाद्या आणि रेंज (एक अपवाद वगळता, तो आरईपाशी येईल) टाकून द्या, लायब्ररीच वापरा. पण लायब्ररीतली नावावरून सगळ्यात सोयीची वाटणारी दोन साधनं, इजअल्फा (‘हे अक्षर आहे का’) आणि रेजेक्समधलं बॅकस्लॅश-डब्ल्यू (‘शब्दातलं चिन्ह’), मराठीसाठी एकटी वापरायला बाद आहेत.

इजअल्फा: नाव मोठं, लक्षण खोटं

इजअल्फा ही मेथड युनिकोडच्या ज्या कॅटेगरींना ‘अक्षर’ मानते त्या पाच आहेत आणि पाचही एल या रोमन अक्षराने सुरू होतात. देवनागरीतले स्वर आणि व्यंजनं त्यांतल्या एल-ओ मध्ये येतात. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त मात्र एल मध्ये नाहीत. ते एम मध्ये, म्हणजे दुसऱ्या अक्षराला चिकटणाऱ्या खुणांत मोडतात. त्यातही दोन गट: काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग एम-सी, उकार, एकार, ऐकार, अनुस्वार, चंद्रबिंदू, नुक्ता आणि हलन्त एम-एन.

आता ‘कुलकर्णी’ एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधला एका चिन्हाचा क्रमांक) करून बघा. क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, दीर्घ वेलांटी: एकूण आठ. इजअल्फा ‘हो’ म्हणते ती क, ल, क, र, ण या पाचांना. जोडून आलं ‘कलकरण’. याच न्यायाने ‘पुणे’चं ‘पण’ होतं, ‘नाशिक’चं ‘नशक’ आणि ‘कोल्हापूर’चं ‘कलहपर’. ‘मुंबई’ निम्मी वाचते, ‘मबई’ उरते, कारण शेवटची ई स्वतंत्र स्वर आहे.

हा बग टेस्टमधून सुटतो याचं कारण साधं आहे. टेस्ट लिहिणारा बहुधा ‘नगर’, ‘कमल’, ‘मदन’ असले सोपे शब्द घेतो. त्यांत खूणच नाही, त्यामुळे इजअल्फा बिनतक्रार ‘हो’ म्हणते आणि टेस्ट हिरवी होते. नुकसान नुसत्या दिसण्यापुरतं राहत नाही. गाळलेलं नाव ‘की’ (नोंद ओळखायची किल्ली) म्हणून वापरून डुप्लिकेट शोधत असाल तर राम, रमा आणि रीमा या तिघांची की ‘रम’ होते. तीन ग्राहकांचं एकच खातं झालं तर ते मागाहून वेगळं काढायला मूळ मजकूर शिल्लक असावा लागतो, आणि गाळून साठवणाऱ्या सिस्टिममध्ये तो नसतो. म्हणून नियम: मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी एका कॉलममध्ये ठेवा, गाळलेली दुसऱ्या.

गंमत अशी की ‘मराठी’ या शब्दाला पायथन इजआयडेंटिफायर (‘हे नाव कोडमध्ये चालेल का’) विचारल्यावर ‘हो’ म्हणते आणि इजअल्फा विचारल्यावर ‘नाही’. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, आणि त्या नियमात मात्रा धरलेल्या आहेत. काही जण यावरून शक्कल लढवतात: प्रत्येक खुणेआधी ‘अ’ जोडायचा आणि इजआयडेंटिफायरला विचारायचं. चालतं, पण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याने कपाळावर हात मारावा अशी ही युक्ती आहे. शिवाय ती अंडरस्कोअरही आत घेते.

युनिकोडडेटा: पैसा वसूल, तोही पैसे न देता

दुरुस्ती एका ओळीची आहे. अक्षर इजअल्फाला न देता युनिकोडडेटाच्या कॅटेगरी फंक्शनला द्या आणि उत्तराचं पहिलं अक्षर एल किंवा एम आहे का ते बघा. अंकही हवे असतील तर त्यांची कॅटेगरी एन-डी धरा, साधी स्पेस वेगळी धरा. झालं. ळ, ऱ, ॲ, ऑ, अवग्रह, ॐ सगळे आपोआप आत येतात. हिंदीसाठी हाताने बनवलेल्या यादीत यांतले पहिले तीन हमखास राहून जातात.

रेंजवर भिस्त ठेवणारा कोड आणखी वाईट. ‘अ ते ह’ अशी रेंज इंटरनेटवर ठिकठिकाणी दिसते. ती कोडपॉइंट ०९०५ पासून ०९३९ पर्यंत जाते. मात्रा ०९३ई पासून पुढे आहेत, हलन्त ०९४डी वर, आणि ॲ तर ०९७२ वर. ॲ युनिकोडमध्ये आला तोच २००८ साली, ५.१ आवृत्तीत; देवनागरीचा मूळ ब्लॉक १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे ‘अ ते ह’ रेंज मात्रा आणि ॲ दोन्ही मारते. मग कोणीतरी शहाणा ०९०० ते ०९७एफ असा अख्खा ब्लॉकच घेतो. त्यात मात्रा येतात, पण दंड आणि दुहेरी दंड ही विरामचिन्हंही शिरतात, आणि एक महत्त्वाची गोष्ट बाहेर राहते. तिच्याकडे पुढे येतो.

युनिकोडडेटाचं दुसरं फंक्शन नॉर्मलाइझ. गाळण्याआधी एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरावीक रूपात आणणं) करून घ्या, नंतर नको. ऱ हे अक्षर एका कोडपॉइंटमध्येही येतं आणि र अधिक नुक्ता असं दोन कोडपॉइंटमध्येही. जुन्या मॅकच्या फाइलसिस्टिमवरून आलेल्या फाइलच्या नावांत दुसरा प्रकार सापडतो. एनएफसी दोन्ही एक करून देतं. उलट नुक्त्यासह असलेलं क़ एकाच कोडपॉइंटमध्ये आलं तर एनएफसी ते फोडून क अधिक नुक्ता असं ठेवतं, पुन्हा जोडत नाही. हा बग नाही, मानकातच तसं ठरलेलं आहे. तुलना करताना दोन्ही बाजू एनएफसी केल्या की प्रश्न मिटतो. ३.८ पासून इजनॉर्मलाइझ्ड आहे. मोठ्या डेटावर आधी ते विचारा.

नॉर्मलाइझ काय करत नाही हेही माहीत हवं. ॲ एका कोडपॉइंटचा आणि अ वर चंद्र ठेवून बनवलेला, दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण युनिकोडच्या लेखी समान नाहीत. एनएफसी त्यांना हात लावत नाही. अ ला काना देऊन केलेला आ, अ ला ओकार देऊन केलेला ओ यांचंही तसंच. या जोड्या रिप्लेसने स्वतः बदलाव्या लागतात, आणि चार-पाच जोड्यांसाठी रिप्लेसच्या ओळी एकाखाली एक लिहिणं हाच सरळ मार्ग आहे. मात्र रिप्लेस जुनी स्ट्रिंग बदलत नाही, नवी परत देतं. परत आलेली पकडली नाही तर ओळ चालते आणि काहीच होत नाही.

‘ॲक्सेंट काढा’ म्हणून जी प्रसिद्ध कृती फिरते, एनएफकेडी करा (अक्षरं आणि खुणा सुट्या करा) आणि एम-एन खुणा गाळा, ती फ्रेंच नावांसाठी ठीक आहे. मराठीवर चालवली की ‘कुलकर्णी’चं ‘कलकरणी’ होतं: एम-एन म्हणून उकार आणि हलन्त गेले, एम-सी म्हणून वेलांटी वाचली. याच कृतीचा दुसरा अवतार कॅटेगरीऐवजी कम्बायनिंग हे फंक्शन वापरतो. त्यात हलन्ताचा क्रमांक ९, नुक्त्याचा ७ आणि मात्रांचा ० असतो, त्यामुळे फक्त हलन्त जाऊन ‘कुलकरणी’ उरतं. एकाच मजकुराची दोन सर्व्हिसमध्ये दोन वेगळी रूपं दिसत असतील तर हे दोन अवतार शोधा. दोन्ही ठिकाणी उपाय तोच: खूण काढण्याआधी तिच्या आधीचं अक्षर लॅटिन आहे का ते बघा. युनिकोडडेटाच्या नेम फंक्शनने दिलेलं नाव ‘लॅटिन’ने सुरू होतं का, एवढं विचारलं तरी पुरतं.

अदृश्य जोडणारा

आता ती बाहेर राहिलेली गोष्ट. दऱ्या, आचाऱ्यास, तऱ्हा यांतला आडवा रफार दोन प्रकारे टाइप होतो. एक: ऱ, हलन्त, य. दुसरा: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जॉइनर, मग य. युनिकोडच्या मानकाला दोन्ही मान्य आहेत आणि नॉर्मलाइझ त्यांना एक करत नाही. जॉइनरचा कोडपॉइंट २००डी, त्याचा भाऊ नॉन-जॉइनर २००सी. दोघेही देवनागरी ब्लॉकच्या बाहेर, कॅटेगरी सी-एफ, म्हणजे न दिसणारी मांडणीची चिन्हं.

त्यामुळे एल-एम गाळणीतून जॉइनर पडतो. देवनागरी ब्लॉकच्या रेंजमधूनही पडतो. ‘न दिसणारा कचरा काढा’ म्हणून इजप्रिंटेबल वापरलं तरी पडतो, कारण ती मेथड सी ने सुरू होणाऱ्या सगळ्या कॅटेगरी अमुद्रणीय धरते. आणि पडला की डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्र, म्हणजे ‘दर्या’ होतो. स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यास’ दिलेला निरोप ‘आचार्यास’ जातो. एरर नाही, चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही. शुद्धलेखन तपासणाराही पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द मराठीतच आहेत. अक्षर गाळण्याच्या सगळ्या बगांत हा सर्वांत गुपचूप चालणारा.

सी-एफ सरसकट ठेवूनही भागत नाही. त्याच कॅटेगरीत शून्य रुंदीची स्पेस २००बी, मऊ हायफन आणि फाइलच्या तोंडाशी बसणारं बीओएम चिन्ह आहे; वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरात ही मंडळी हमखास असतात. करायचं ते असं. पहिली पायरी: र, हलन्त, जॉइनर हा त्रिकूट दिसला की त्याजागी ऱ आणि हलन्त ठेवा, एका रिप्लेसचं काम. दुसरी: उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर हलन्ताच्या लगेच मागून येत असतील तर राहू द्या, नाहीतर काढा. आरई मॉड्यूलमध्ये नकारार्थी लुकबिहाइंड (‘आधी अमुक नसेल तरच’) आहे, ‘आधी हलन्त नसलेला’ असं मोजक्या चिन्हांत लिहिता येतं. तिसरी: बाकीचे सी-एफ आणि नवी ओळ व टॅब सोडून सगळे सी-सी (नियंत्रक चिन्हं) काढा. मजकुरात इमोजी अपेक्षित असतील तर दुसरी पायरी गाळा, कारण कुटुंबाचे, व्यवसायांचे इमोजी जॉइनरनेच बांधलेले असतात. पायरी चालवली की आई-बाप-मुलं सुटी होऊन रांगेत उभी राहतात.

आरई: दणकट, पण शब्दाची व्याख्या जुनी

आरई मॉड्यूलचं बॅकस्लॅश-डब्ल्यू आतून इजअल्नमच्या व्याख्येवर चालतं, म्हणून इजअल्फाचा सगळा दोष त्यात उतरला आहे. ‘महाराष्ट्र’ या शब्दावर ‘एक किंवा अधिक डब्ल्यू’ चालवून बघा. उत्तर एक शब्द नाही, पाच तुकडे: मह, र, ष, ट, र. शब्दमोजणी, टॅग, सर्च इंडेक्स, सगळीकडे हा गोंधळ पोचतो. जँगो या वेब फ्रेमवर्कचं स्लगिफाय (मजकुराचं वेबपत्त्यात चालेल असं रूप करणारं फंक्शन) युनिकोडची परवानगी दिली तरी मात्रा खातं, ते यामुळेच. २००७ पासून पायथनच्या बग ट्रॅकरवर याची नोंद आहे, पण जुना कोड मोडेल म्हणून अशा व्याख्या सहसा बदलत नाहीत. वाट बघू नका.

शब्दसीमा दाखवणाऱ्या बॅकस्लॅश-बी चंही तेच, आणि तिथे चूक पटकन दिसत नाही. करविषयक कागदपत्रांत ‘कर’ हा अख्खा शब्द शोधायला दोन्ही बाजूंना बी लावला. ‘करणे’ सुटतं, कारण पुढे ण आहे. पण ‘करा’, ‘करून’, ‘करीन’ सगळे सापडतात. र च्या पुढची खूण आरईच्या मते शब्दात मोडत नाही, म्हणून तिथे सीमा पडते. शोधापुरतं असेल तर हसून सोडाल. बदलण्यासाठी असेल तर ‘कर’च्या जागी ‘टॅक्स’ घातल्यावर ‘अर्ज टॅक्सा’ वाचावं लागेल.

स्टँडर्ड लायब्ररीत राहून करायची दुरुस्ती अशी: स्वतःचा कॅरॅक्टर क्लास बांधा. त्यात बॅकस्लॅश-डब्ल्यू, ०९०० ते ०९६३ ही रेंज, आणि २००सी व २००डी. रेंज ०९६३ लाच का थांबवायची, तर ०९६४ आणि ०९६५ दंड आहेत. त्यापुढचे अंक आणि ॲसारखी अक्षरं डब्ल्यूमध्ये आधीच येतात, आणि ०९०० ते ०९६३ या पट्ट्यात अक्षर किंवा खूण सोडून दुसरं काही नाही. शब्द शोधायला हा क्लास, सीमेसाठी याच क्लासचे नकारार्थी लुकबिहाइंड आणि लुकअहेड (‘पुढे अमुक नसेल तरच’). हा एक व्हेरिएबल मॉड्यूलच्या वर ठेवा आणि सगळीकडे तोच वापरा. प्रत्येक फंक्शनमध्ये नव्याने लिहिलात की एका जागी जॉइनर राहतोच.

रेजेक्सच्या बाकीच्या चुका भाषेपलीकडच्या आहेत, त्या झरझर सांगतो. कॅपिटल ए ते स्मॉल झेड अशी रेंज लिहिली की मधली सहा चिन्हं फुकट आत येतात, त्यांत चौकोनी कंस आणि अंडरस्कोअर आहेत. क्लासमध्ये अधिक, वजा, टिंब या क्रमाने लिहिलं तर वजा रेंज बनतो आणि स्वल्पविरामही धरला जातो. वजा शेवटी लिहा किंवा आरईचं एस्केप वापरा. आणि डॉलरचं चिन्ह शेवटच्या नव्या ओळीच्या आधीही जुळतं, म्हणून तपासणीसाठी मॅच आणि डॉलर ही जोडी सोडून फुलमॅच घ्या.

स्ट्रिप आणि रिमूव्हप्रीफिक्स

मराठी नावांवर सगळ्यात विनोदी बग इथे होतो. नावाआधीचं ‘श्री ’ काढायला एलस्ट्रिपला ‘श्री ’ देतात. एलस्ट्रिप ती स्ट्रिंग उपसर्ग म्हणून वाचत नाही, सुट्या चिन्हांचा संच म्हणून वाचते: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, स्पेस. यांतलं काहीही डावीकडे असेतोवर ती कापत सुटते. ‘श्री रमेश’चं ‘मेश’ उरतं. ‘श्री शिंदे’मधला श जातो, ऱ्हस्व वेलांटी मात्र संचात नाही म्हणून तिथे थांबते, आणि हाती येते ती बिनअक्षराची वेलांटी, अनुस्वार आणि ‘दे’. पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं ते हेच. ‘श्री पाटील’ मात्र बरोबर येतं, म्हणून बग टेस्टमध्ये सापडत नाही.

३.९ पासून रिमूव्हप्रीफिक्स आणि रिमूव्हसफिक्स आहेत. उपसर्ग असला तर एकदाच काढतात, नसला तर स्ट्रिंग तशीच परत देतात. पण स्पेससकट द्या. नुसतं ‘श्री’ दिलंत तर ‘श्रीधर’चं ‘धर’ आणि ‘श्रीमती’चं ‘मती’ होईल. कोडबेसमध्ये एलस्ट्रिप आणि आरस्ट्रिपला एकाहून जास्त चिन्हांचा आर्ग्युमेंट कुठे कुठे दिलाय ते ग्रेप मारून बघा. त्यातले बरेचसे बगच निघतात.

ट्रान्सलेट, आणि विरामचिन्हांचा हिशेब

लिस्टवर फिरता फिरता त्याच लिस्टमधून चिन्ह काढणारा लूप अजूनही लिहिला जातो. अ, दोन हायफन, ब अशी लिस्ट घ्या. पहिला हायफन काढला की दुसरा त्याच्या जागी सरकतो, लूप पुढच्या जागेवर जातो, दुसरा हायफन तसाच राहतो. लागोपाठ आलेली चिन्हं अर्धवट निघत असतील तर कारण हेच. ‘स्वल्पविराम नाही किंवा टिंब नाही’ अशी अट लिहिलेला फिल्टर तर काहीच गाळत नाही, कारण ती अट कायम खरी असते. दोन्हींवर उतारा एकच, लूपच काढून टाकणं.

मेकट्रान्सला (बदलांचा तक्ता बनवणारी मेथड) तिसरा आर्ग्युमेंट म्हणून काढायची चिन्हं द्या आणि तो तक्ता ट्रान्सलेटला द्या. प्रश्न येतो चिन्हांची यादी कुठून आणायची. स्ट्रिंग मॉड्यूलमधलं पंक्चुएशन फक्त ॲस्कीची (जुना, निव्वळ इंग्रजीपुरता चिन्हसंच) ३२ चिन्हं देतं. गोल अवतरणचिन्हं, लांब डॅश, दंड त्यात नाहीत. म्हणून कॅटेगरी पी ने (विरामचिन्हं) सुरू होणारी सगळी घ्यावी असं वाटतं, पण मग उलटा घोळ: त्या ३२ पैकी फक्त २३ पी मध्ये आहेत. डॉलर, अधिक, बरोबर, लहान-मोठं, कॅरेट, बॅकटिक, उभी रेघ आणि टिल्ड ही नऊ एस (गणिती, चलनाची वगैरे चिन्हं) मध्ये आहेत. ₹ सुद्धा एस मध्येच. तेव्हा पी घ्या आणि स्ट्रिंग-पंक्चुएशनची बेरीज करा, किंवा पी आणि एस दोन्ही घेऊन ₹ वगळा. किमती असलेल्या मजकुरात दुसरं बरं.

तक्ता एकदाच बांधा. शून्यापासून सिस-मॅक्सयुनिकोडपर्यंत, म्हणजे ११,१४,१११ पर्यंत सगळे कोडपॉइंट फिरून हवी ती कॅटेगरी निवडायची आणि डिक्टच्या फ्रॉमकीजने नन ला (‘काहीच नाही’) जोडायची. प्रोग्रॅम सुरू होताना एकदा, फंक्शनच्या आत नाही. ट्रान्सलेट ॲस्की मजकुरावर जितकं झपाट्याने चालतं तितकं देवनागरीवर चालत नाही, तिथे अक्षरागणिक डिक्ट बघावी लागते. तरी पायथनमध्ये लिहिलेल्या लूपपेक्षा ते बरं. आणखी एक मर्यादा: ट्रान्सलेटची की एकच कोडपॉइंट असते, वरच्या ॲ सारख्या जोड्या त्यात बसत नाहीत.

अंक

इथे लायब्ररी खरंच कौतुकास्पद आहे. मजकुराची पूर्णांक संख्या करणाऱ्या इंटला ‘२०२४’ देवनागरीत द्या, काहीही आधी न करता बरोबर संख्या मिळते. दशांश संख्या करणारं फ्लोटही ‘३.१४’ घेतं. देवनागरी अंक इंग्रजी करणारं स्वतःचं फंक्शन बेरीज-वजाबाकीसाठी लिहिलं असेल तर काढून टाका.

तपासणीला मात्र इजडिजिट नको, इजडेसिमल हवं. वर्गाचा छोटा २ इजडिजिटला अंक वाटतो, इंटला वाटत नाही, आणि मधे प्रोग्रॅम व्हॅल्यूएररने पडतो. इजन्यूमेरिक त्याहून उदार, तिला अर्ध्याचं चिन्हही चालतं. आणि जे संख्या नसून नुसते आकडे आहेत त्यांना इंट लावू नका: पुण्याचा एसटीडी कोड ‘०२०’ इंटमधून गेला की २० होतो. पिनकोड ‘४११०३०’ वाचेल, पण सवय एकच ठेवलेली बरी. त्यासाठी मेकट्रान्सचा दहा अंकांचा तक्ता, किंवा युनिकोडडेटाचं डेसिमल प्रत्येक चिन्हावर. रेजेक्समध्ये ‘१ ते ९, मग पाच बॅकस्लॅश-डी’ असा पिनकोडचा पॅटर्न देवनागरीत टाइप केलेला पिन नाकारतो, कारण पहिला क्लास ॲस्कीचा आणि पुढचे डी युनिकोडचे. आधी अंक बदला, मग पॅटर्न लावा.

सीएसव्ही

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली फाइल. थोडक्यात: स्वल्पविरामावर स्प्लिट करू नका, स्वल्पविराम असलेला पत्ता अवतरणात असतो. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, नाहीतर एक्सेलमधून आलेल्या फाइलच्या पहिल्या कॉलमच्या नावाला बीओएम चिकटतं, स्ट्रिपने ते जात नाही, आणि ‘नाव’ नावाचा कॉलम सापडत नाही म्हणून की-एरर येतो. एन्कोडिंगच्या एरर दिसू नयेत म्हणून कोणी ‘इग्नोर’ लावलं असेल तर ते आधी काढा. ॲस्कीला ‘इग्नोर’ म्हणजे अख्खी मराठी गायब.

जिथे लायब्ररी अपुरी पडते

वाचकाला जे एक अक्षर वाटतं ते तोडायचं साधन ३.१३ पर्यंत तरी लायब्ररीत नाही. ‘श्री’ची लांबी लेन ४ सांगते, यूटीएफ-८ मध्ये ते १२ बाइट होतात. नाव दहा कोडपॉइंटवर कापलं की जोडाक्षराच्या मधोमध सुरी चालते. थोडक्यात भागवायचं असेल तर कापायच्या जागी पुढचा कोडपॉइंट एम असेल किंवा मागचा हलन्त असेल, तर एकेक पाऊल मागे या. नीट हवं असेल तर पायपीआयवरचं (पायथन पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) ‘रेजेक्स’ पॅकेज घ्या: त्याचं बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रा धरतं, लिपीच्या नावाने शोधता येतं आणि बॅकस्लॅश-एक्स अक्षरसमूह देतं. फक्त आवृत्ती बघून घ्या. जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ मध्ये आला. त्याआधीच्या तक्त्यांवर ‘क्षत्रिय’चे पाच तुकडे पडतात, नंतरच्यांवर तीन.

दुसऱ्या भाषांत याहून सुख आहे असं नाही. जावाचं इजलेटर मात्रा नाकारतं, इजअल्फाबेटिक घेतं पण हलन्त सोडतं. रस्टचं इजअल्फान्यूमेरिकही तसंच, तिथे ‘कुलकरणी’ मिळतं. जावास्क्रिप्टचं बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त ॲस्की आहे, पण यू फ्लॅग लावून एल आणि एम ही प्रॉपर्टी थेट रेजेक्समध्ये मागता येते, जे पायथनच्या आरईला जमत नाही. सी मध्ये इजअल्फाला साधा कॅर देऊच नका. देवनागरीचे बाइट तिथे ऋण पडू शकतात आणि मानकानुसार ते अव्याख्यात वर्तन आहे. आणि अनसाइन्ड कॅर करून दिलं तरी ते एकेका बाइटला विचारणं झालं, अक्षराला नाही.

टेस्टमध्ये ‘नगर’ नको. ‘कुलकर्णी’, ‘मुंबई’, दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं ‘दऱ्या’, दोन्ही पद्धतींचं ‘ॲड.’, ‘श्री शिंदे’, ‘०२०’, गोल अवतरणातलं एखादं वाक्य आणि ‘₹ १,२५०’ एवढे घाला. ‘दऱ्या’ची दोन्ही रूपं फाइलमध्ये एस्केप करून, कोडपॉइंटच्या आकड्यांत लिहा. तशीच टाइप केलीत तर एखादा एडिटर किंवा कमिट हुक (कोड जमा करताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) त्यातला जॉइनर साफ करून टाकतो, आणि टेस्ट दोनदा तेच एक रूप तपासत राहते.